हस्त गेल्यानंतरचा समुद्र

"तिले समुद्र काय अन् विहीर काय, सारखंच. तोंड तं उघडत नाई ते."

सासूबाई चुलीपाशी बसून माझ्या नवऱ्याला सांगत होत्या. मी माजघराच्या दाराआड उभी होते. सिलोनमधल्या कँडीच्या हॉटेलातून आलेलं पत्र माझ्या हातात होतं. तेच यांना दाखवायला मी माडीवरून खाली आले होते.

"राहू दे तिले घरी," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मले ने. कार्तिकस्नान रामेश्वराले झालं म्हंजे सुटली मी. काशीहून गंगा आणून चार वर्सं झाली, लोटी देवात तशीच बसेल हाय. तुम्ही जाऊन राह्यले तिकडं, अन् मी काऊन नाई?"

मी यांच्या उत्तराची वाट पाहत राहिले. हे चिखलीला वकिली करत. दुसऱ्यांसाठी तासन्‌तास उभं राहून बोलायचं, हाच यांचा धंदा. माझ्यासाठी ते एवढंच म्हणाले, "बरं."

मी पत्र पदराखाली घेतलं आणि आल्या पावली वर गेले.

त्या 'बरं'चा राग अजून माझ्याजवळ आहे. सासूबाईंच्या वाक्याचा तेवढा नाही. त्या मला पहिल्या दिवसापासून 'मड्डम' म्हणत. "आमची मड्डम इंग्रजी शिकेल हाय, पण मराठीत मुकी हाय," असं आमच्या गावी, उंद्रीत, हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत आणि बाया तोंडाला पदर लावून हसत. मला बोलता येत नव्हतं असं नाही. नागपूरला मडमांच्या शाळेत दहा वर्षं काढलेली मी. बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा लिहून पाहायची सवय लागली होती. ते लिहून होईपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असे.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी हे मला म्हणाले होते, "आपण हनीमूनला जाऊ. सिलोनला." कॉलेजातल्या कुणा मित्राकडून तो शब्द यांनी आणला होता. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. मी मान हलवली. मग हे म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, पत्रव्यवहार तू कर. सही मी करीन."

चैत्रापासून भाद्रपदापर्यंत मी तेच केलं. खामगावहून निघायचं, जलंबला गाडी बदलायची, भुसावळला पुन्हा. मद्रासला दोन दिवस, मदुरेला एक, मग रामेश्वर, धनुष्कोडीहून बोट, पलीकडे कँडी, शेवटी कोलंबो. प्रत्येक मुक्कामाचं एक पत्र, प्रत्येक पत्राचं उत्तर, आणि हे सगळं निळ्या कागदात गुंडाळून वर लाल फीत. शाळेतल्या नकाशाच्या पुस्तकातून मी एक नकाशाही उतरवून घेतला होता. मित्रमंडळी आली की हे फीत सोडत आणि म्हणत, "मी आखलाय सगळा दौरा." मी पानाचं तबक ठेवून आत जाई. तेव्हाही मी काही म्हटलं नाही, कारण समुद्र मला दिसणार होता.

जायचं मी ठरवलं होतं माघात. त्याला कारण होतं. आमच्या भूगोलाच्या बाई मद्रासकडच्या. त्या वर्गात सांगत, "तुम्ही छत्र्या वाळवून ठेवता ना, तेव्हा आम्ही उघडतो." दसऱ्यानंतर त्यांच्या किनाऱ्यावर पाऊस येतो आणि त्याच्यामागून समुद्रातली वादळं. लहानपणी त्यांच्या घराचं छप्पर एका दिवाळीत उडून शेजाऱ्याच्या नारळावर अडकलं होतं. वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. माझ्या नकाशात तो सगळा किनारा मी कार्तिकातल्या पावसाची खूण म्हणून निळा रंगवला होता.

आणि पदराखालच्या त्या पत्रात कँडीच्या हॉटेलवाल्यानं लिहिलं होतं, की पाहुण्यांनी शक्यतो जानेवारीनंतर यावं. नोव्हेंबरात वादळामुळे बोटी बंद पडतात आणि माणसं दोन्ही काठांवर अडकून पडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे माडीवर आले. पलंगाच्या कडेला बसून नखं पाहत म्हणाले, "आईची फार इच्छा आहे. आपण पुढच्या वर्षी जाऊ. यंदा दिवाळी झाली की आईला घेऊन जातो. रामेश्वर करून पुढे बोटीनं कोलंबोही दाखवतो तिला. सगळं ठरलेलंच आहे, फक्त तारखा बदल."

फक्त तारखा.

"आणि काल पत्र आलं म्हणे? काय म्हणतो तो? थोडक्यात सांग."

मी पत्र उघडलं. समोर बसून ओळीमागून ओळ मराठीत सांगितली: खोल्या आहेत, तळ्याच्या बाजूच्या आहेत, शाकाहारी जेवणाची सोय होईल, स्टेशनावर माणूस येईल. वादळाच्या ओळीशी आले तेव्हा माझा आवाज जराही हलला नाही. ती एक ओळ मी गाळली आणि त्याखालचं 'आपला विश्वासू' वाचून दाखवलं. हे "छान" म्हणाले. पत्र मी त्या निळ्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवलं. हात लांब केला असता तर यांना स्वतः वाचता आलं असतं. मी लपवलं नाही. यांनी वाचलं नाही, एवढंच.

तारखा बदलायची पत्रं मी त्याच दिवशी लिहिली, नेहमीपेक्षा सुंदर अक्षरात.

घरात शंका फक्त एकदा निघाली आणि ती मामंजींनीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिटवली. निघायच्या आदल्या सकाळी सामान ओसरीवर मांडलं होतं. मी आत उभी राहून एकेक वस्तू पुढे करत होते. सासूबाई म्हणाल्या, "छत्री टाकाव काय हो?"

मामंजी सुपारी कातरत होते. पावसाचं त्यांचं गणित अख्खं गाव मानायचं. कुठल्या नक्षत्राला पेरायचं, कुठल्या नक्षत्रात घरात बसायचं, लोक त्यांना विचारून करत, आणि ते चुकत नसत.

"हस्त गेला की पाऊस गेला," ते म्हणाले. "आता आभाळात काय हाय? तिकडं जाऊन छत्री धरशीन तं लोक हसतीन."

"सूनबाई, काढ ते छत्र्या," सासूबाईंनी आत हाक दिली. "उगी ओझं."

दोन छत्र्या आणि एक मेणकापड माझ्या हातातच होतं. मामंजींचं हस्ताचं गणित वऱ्हाडापुरतं खरं होतं. देवाचा पाऊस सगळीकडे एकाच नक्षत्रानं संपतो, असं त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला वाटत होतं. नव्या सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायचं नाही ही रीतही तिथे होती, आणि त्या दिवशी ती मला फार सोयीची वाटली. मी छत्र्या परत खुंटीला टांगल्या. मेणकापडाची घडी घालून कोठीत ठेवली. मग सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी गंगेची लोटी छातीशी धरली होती. "घर सांभाळ बरं, मड्डम," त्या म्हणाल्या.

मोटार खामगावच्या रस्त्याला लागली आणि मी मोजायला लागले. आज मद्रास. आज मदुरा. इकडे आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, बोंडं फुटत होती, वेचणीच्या बाया गाणी म्हणत शेतात जात होत्या. मामंजी ओसरीवरून आभाळाकडे बघत आणि समाधानानं मान हलवत. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघे. यांचा कोट चिंब भिजलेला मला स्पष्ट दिसे. बंद बोटीसमोर ट्रंकेवर बसलेल्या सासूबाई दिसत. कुणी बुडावं असं माझ्या मनात आलं नाही. पण त्यांना समुद्र दिसावा, अगदी पोटभर दिसावा, आणि तो ओलांडता येऊ नये, हे मी रोज देवापुढे दिवा लावताना म्हणत होते.

आठव्या दिवशी दुपारी चिखलीहून तारवाला सायकलवर आला.

तार म्हणजे मरण, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तो ओसरीची पायरी चढेपर्यंत शेजारपाजारची माणसं गोळा झाली. तार इंग्रजीत होती. तारवाल्याला पत्ता तेवढा वाचता येई. शाळेचे मास्तर दिवाळीच्या सुटीत आपल्या गावी गेलेले. मामंजींनी तो कागद उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "घरात वाचणारी हाय ना आपल्या."

ते माजघराच्या दाराशी आले. आत आले नाहीत. बाजूला तोंड करून त्यांनी हात तेवढा आत केला. मी कागद घेतला.

"काय लिहेल हाय, बाई?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी वाचलं. वादळ. रामेश्वरचा पूल बंद. बोट रद्द. दोघे सुखरूप. रामेश्वर न करता परततो.

दोन वेळा वाचलं. पहिल्या वेळीच कळलं होतं, तरी दुसऱ्यांदा वाचलं. दाराच्या चौकटीवर मामंजींचा हात होता, नखं पांढरी पडली होती. बाहेर कुणीतरी बाई आधीच हुंदका देत होती. यावर म्हणायचं एक वाक्य मी मनात महिनाभर लिहीत होते आणि ते सासूबाईंसाठी होतं, त्या परत येतील त्या दिवसासाठी, भरल्या घरासमोर म्हणायचं. या म्हाताऱ्या माणसानं माझं काही केलं नव्हतं. हस्त गेला म्हटलं होतं, तेवढंच. पण सगळे जमलेच होते, आणि माझं वाक्य या वेळी लिहून तयार होतं.

मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि दाराबाहेर, ओसरीवर आले. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"दोघंही सुखरूप आहेत, मामंजी. वादळामुळे पूल आणि बोट बंद आहे, रामेश्वर झालं नाही, ते परत येताहेत. त्या समुद्रावर कार्तिकात वादळं येतात, हे मला माहीत होतं. त्यांनी मला नेलं असतं, तर मी सांगितलं असतं."