लाइफबोटीचं बूच

मालवाहू जहाजावरच्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. काही ढिलं दिसलं की या गृहस्थाला चैन पडत नसे, मग तो खुर्चीचा पाय असो की दाराची खिट्टी. युद्ध सुरू झालं तरी खोड काही गेली नाही. या खेपेला मात्र बायकोने आपला धाकटा भाऊ त्याच्या पदरात टाकला होता. "त्याला धड परत आणा, नाहीतर तुम्हीही तोंड दाखवू नका," असं तिने बजावलं होतं. भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. आता यावर कुणी काय बोलावं!

लाइफबोटीच्या तळाला एक भोक असतं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. होडी समुद्रात सोडताना त्यात लाकडी बूच ठोकतात. त्या दिवशी मिस्त्रीला ते बूच ढिलं वाटलं. त्याने ते उचलून मेहुण्याच्या चुलीत टाकलं आणि नवं तासायला बसला. नेमका तेव्हाच पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाच्या पोटात घुसला.

जहाज कलंडू लागलं. मेहुण्याला ओढत मिस्त्री होडीत चढला, होडी पाण्याला टेकली आणि सगळ्यांचे पाय भिजले. मिस्त्रीला चुलीत टाकलेलं बूच आठवलं.

"भावोजी, पाणी येतंय!"

"दिसतंय मला! खिशात काय आहे तुझ्या?"

"गाजर. सोलत होतो ना!"

मिस्त्रीने ते हिसकावलं, दातांनी कुरतडून बेताचं केलं, भोकात दाबलं आणि वर टाच रोवून बसला. बाकीचे टोप्यांनी पाणी उपसत राहिले. मेहुण्याने डोळे गच्च मिटून त्याचा दंड धरला होता. मिस्त्री मनातल्या मनात स्वतःला शिव्यांची लाखोली वाहत होता. संध्याकाळी दुसऱ्या जहाजाने त्यांना वर घेतलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

घरी जहाज बुडाल्याची बातमी पोहोचली होती, माणसं वाचल्याची नव्हती. बायकोने दार उघडताच मिस्त्रीने वाटभर घोकलेलं भडाभडा सांगून टाकलं, "बूच मीच जाळलं. तुझा भाऊ माझ्यामुळे बुडत होता."

"आणि वाचलो पण यांच्यामुळेच, ताई," मेहुणा म्हणाला.

तिने दोघांचंही ऐकलं नाही. बाह्या धरून त्यांना आत खेचलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून हमसाहमशी रडायला लागली. "आता या दारातून बाहेर जाऊन दाखवा कुणी," ती म्हणाली.

मिस्त्रीने मान डोलावली. मग त्यालाही रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.