परसदारचं रेडियम

आमच्या भागात अंधारात जे काही चमकतं त्याला रेडियम म्हणतात. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचं अक्षर रेडियम, ट्रॉलीच्या मागची लाल पट्टी रेडियम, बैलाच्या शिंगाला गुंडाळलेली चिकटपट्टी रेडियम, आणि लहान मुलांच्या खोलीत छताला लावतात त्या हिरवट चांदण्याही रेडियमच. मी मुरबाडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि नोकरी लागल्यापासून या शब्दाशी भांडते आहे. शब्दाच्या तब्येतीवर अजून काही परिणाम झालेला नाही.

शहापूरला एसटी स्टँडजवळ नंबरप्लेट बनवणाऱ्याचं दुकान आहे. आईसाठी अंधारात उजळणारे स्टिकर घ्यायला मी तिथे गेले, तेव्हा दुकानदाराने चांदण्यांचं पाकीट माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "ओरिजिनल रेडियम आहे, मॅडम."

"ओरिजिनल असतं तर तुम्ही इतके धडधाकट राहिला नसतात," मी म्हणाले.

तो जरा विचारात पडला. "मग डुप्लिकेट दाखवू का?"

मी ओरिजिनल घेऊन घरी आले.

आई खर्डीच्या पुढे एका पाड्यावर एकटी राहते. तिचा संडास परसदारी आहे, म्हणजे मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरून जायचं. एका संध्याकाळी लाईट गेली आणि ती त्या पायऱ्यांवरून घसरली. गुडघा टम्म सुजला. मी धावत गेले आणि वर्गात जो आवाज लावते तोच लावून सांगितलं, की पुन्हा पडलीस तर शहापूरला माझ्याकडे यायचं, कायमचं. ती गुडघ्याला हळदीचा लेप लावून खाटेवर पडली होती. माझी बडबड थांबावी एवढ्यासाठीच बहुतेक ती "बरं" म्हणाली. पण आई एकदा बरं म्हणाली की फिरत नाही, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. म्हणजे तिचं घर, तिची कोंबडी, तिचा पाडा, सगळं आता पुढच्या एका पडण्यावर टांगलेलं होतं.

खरं सांगायचं तर ती माझ्याकडे यावी असं मला मनापासून वाटत होतं. आणि तिला यावं लागू नये म्हणून स्टिकर आणायलाही मीच गेले होते. माणसाचं डोकं कसं चालतं हे फिजिक्समध्ये येत नाही, ते एक बरं आहे.

खाटेपासून बोळातून मागच्या दारापर्यंत, दाराच्या कडीभोवती आणि पायऱ्यांच्या कडेने मी चांदण्या चिकटवत गेले. पाकिटात काही चंद्रकोरीही होत्या. त्यातली एक संडासाच्या दाराला लावणार, तोच आई खेकसली.

"चंद्र संडासाला? संकष्टीला ज्याला बघून जेवायचं, त्याला तिथं लावतेस?"

चंद्रकोरी वर कडीपाशी गेल्या. चांदण्यांना बघून कोणी उपास सोडत नसल्यामुळे त्या खाली पायऱ्यांवर चालल्या.

मग मी तिला समजावून सांगितलं, तेही तिने विचारलं नसताना. म्हटलं, यावर उजेड पडला की आतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन त्या उजेडाची शक्ती घेतात आणि वरच्या पातळीवर जातात, माळ्यावर चढावं तसे. एरवी ते लगेच खाली उतरतात. पण या पदार्थात ते मधेच अडकतात, शिडी कोणीतरी काढून नेल्यासारखे. मग एकेक करत सावकाश सुटतात, आणि खाली येताना घेतलेली शक्ती उजेड म्हणून परत देतात. म्हणून याला आधी उजेड दाखवायचा, मग तो अंधारात दिसतो.

"म्हणजे खायला घालायचं," आई म्हणाली.

तसंच काहीसं, असं म्हणून मी निघाले.

आठवडाभरात फोन आला. "तुझं रेडियम मेलं गो."

मी शहापूरजवळच्या आसनगावहून कसारा लोकल पकडून गेले ती दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतच. घरात शिरले तर मागच्या बोळात लाल उजेड. देवघरातला लाल झिरोचा बल्ब आईने बोळातल्या होल्डरला लावला होता आणि तिथला पांढरा बल्ब काढून फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला होता. एवढासा बल्ब, कितीही वेळ जळला तरी काही वाया जात नाही, असा तिचा हिशेब. चांदण्यांना रोज तिन्हीसांजेपासून निजेपर्यंत लाल उजेडाचं जेवण चाललं होतं आणि दिवा मालवला की सगळीकडे काळोख.

हा धडा मी दर वर्षी शिकवते. लाल उजेड कितीही वाढवा, कितीही वेळ पाडा, इलेक्ट्रॉन ढिम्म हलत नाही, आणि निळ्या उजेडाचा एक कण आला की उठतो. मी फळ्यावर आकृती काढते तेव्हा मुलं खिडकीतून सिद्धगडाच्या डोंगराकडे बघत असतात. इथे आईने कोणी न सांगता तो प्रयोग आठवडाभर करून पाहिला होता आणि वर माझ्यावरच चिडली होती.

"लाल उजेडाचे कण अशक्त असतात," मी सांगितलं. "एकेकात इलेक्ट्रॉनला वर उचलायची ताकद नसते."

"एकाला नसंल. पण इतके सगळे येतात ना?"

"आले तरी उपयोग नाही. तिथे मिळून उचलायची पद्धत नाही. ज्याच्या अंगात ताकद असेल त्या एकानेच उचलायचं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "शंभर जण नुसते बघत उभे राहणार?"

"बघत नाही, निघून जातात."

"कसली गो ही जात!" ती म्हणाली. "आमच्यात कोणाच्या घराचं आढं चढवायचं तर सगळा पाडा येतो हात लावायला. न बोलावता."

शंभर वर्षांच्या क्वांटम सिद्धांताला आमच्या पाड्यावर मिळालेली ही दाद. पांढऱ्या उजेडात निळाही असतो, म्हणून मी पांढरा बल्ब परत लावला, थोडा वेळ ठेवला आणि बंद केला. बोळात हिरवट चांदण्यांची रांग उमटली, दारापर्यंत, कडीपाशी चंद्र, आणि खाली पायऱ्यांच्या कडा. "बाय गो!" आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

त्यानंतर फोनवर रोजचा अहवाल यायचा. भात लावून झालं, कोंबडी खुडूक बसली, चांदण्यांना जेवायला घातलं. शेजारपाजारच्या बायका संध्याकाळी रेडियम बघायला यायच्या. ते रेडियम नाही असं सांगायचं मी सोडून दिलं होतं. अंधारात आई एकदाही पडली नाही.

ती पडली भर दुपारी, लख्ख उन्हात, पुढच्या अंगणात, जिथे मी एकही चांदणी लावली नव्हती. कोंबडी पायात आली. मी मुरबाडला वर्गावर होते आणि फोन बॅगेत होता. तो बघून मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पाड्यावरच्यांनी तिला उचललं, कोणीतरी रिक्षा आणली, कोणी मांडीवर डोकं घेऊन बसली, दवाखान्यात नेऊन मनगटाला प्लास्टरही घालून झालं. दवाखान्याच्या दारात अर्धा पाडा उभा होता आणि मलाच म्हणत होता, "तुमी कशाला पळत आलाव? आमी हाव ना."

आई बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, "दिवसाला काय चिकटवशील आता?"

पण शब्द तो शब्द. तिने कोंबडी शेजारणीला दिली, दाराला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर शहापूरला आली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. उरलेली एक चांदणी मी तिच्या पलंगाशी लावली. खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा आहे, तो रात्रभर खोलीत असतो, त्यामुळे चांदणी पोटभर जेवलेली असूनही कधी उजळलेली दिसली नाही. ती उजळतेच आहे, फक्त इथे अंधार नाही, असं मी आईला सांगितलं. ती हूं म्हणाली.

मी सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. मधल्या वेळात ती काय करत होती ते मी विचारलं नाही, कारण मला ते दिसत होतं. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची आणि समोरच्या ब्लॉकचं दार बंद. तिचं बोलणं कमी होत गेलं. मला घरी आई होती म्हणून आनंद व्हायचा आणि तिच्याकडे बघितलं की तो आनंद चोरून आणल्यासारखा वाटायचा.

प्लास्टर निघालं त्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "एक विचारू? वर चढलेला तो तुझा जो कोण, तो खाली येतोच ना?"

"येतो. यावंच लागतं."

"मग मला कधी सोडतेस?"

मी ठरलेलं सगळं म्हटलं. तू शब्द दिला होतास, वय काय तुझं, पुन्हा पडलीस तर. तिने ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"पडायचं ते कुठंपण पडायचंच गो. तिकडं पडले तर सगळा पाडा मिळून उचलतो. इथं तुझ्या त्या उजेडावानी, एकानंच उचलायचं. आन् तो एक मुरबाडला."

धडा माझाच होता.

रविवारी मी तिला घरी नेलं. रिक्षा थांबली तेव्हा शेजारीण कोंबडी काखेत घेऊन उभीच होती. संध्याकाळी आईने बोळातला पांढरा बल्ब लावला, जरा वेळाने म्हणाली, "बास झालं त्यांना," आणि बंद केला. आम्ही दोघी त्या हिरव्या रांगेकडे बघत उभ्या राहिलो. मला भीती वाटत होती, आजही वाटते.

"दिसतंय ना सगळं?" आईने अंधारात विचारलं.

"दिसतंय."

"मग निघ आता. गाडी चुकंल तुझी."

मी बॅग उचलून पुढच्या दाराकडे वळले आणि उंबऱ्याला सणकून ठेचकाळले. पुढच्या दाराला आम्ही काहीच लावलेलं नव्हतं. मी खाली बसून अंगठा धरायच्या आत आईने शेजारणीला हाक मारली होती, आणि दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.