हळदीचं अर्धं गाणं

ओल्या हळदीचा वास आला की मला आत्याची पडवी आठवते. शहराच्या कला कार्यालयातले एक साहेब आमच्या खाडीकाठच्या गावात लग्नाची जुनी गाणी रेकॉर्ड करायला आले होते. गाणाऱ्या बाईला मानधन मिळणार होतं. आत्याला ते पटेना. "हे शहरवाले पानी फुकट देत नाय, आन् गान्याचे पैसे देतात? कायतरी काळंबेरं हाय," ती स्वयंपाकघरात माझ्या कानाशी पुटपुटली. मग बाहेर येऊन तिने हळदीचं गाणं म्हटलं, पण अर्ध्यावरच थांबली. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिने डोळे वटारले. साहेबांनी रेकॉर्डर बंद केला. "मावशी, माझी आई याच्या पुढचंही म्हणायची. मला आठवत नाही," ते म्हणाले. "राहू दे. गावातल्या मुलींना शिकवा, मानधन त्याचं देऊ." पहिल्या वर्गाला ते आले, तेव्हा आत्याने त्यांचा फोन दाराबाहेर ठेवायला लावला, खिसा स्वतः चाचपून पाहिला आणि मगच पूर्ण गाणं म्हटलं. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. आत्या आता नाही. तिने शिकवलेल्या मुली हळदीला गायला बसतात, तेव्हा आधी सगळ्यांचे फोन गोळा करतात. माझासुद्धा.