कापलेला हुंकार

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. परंड्यात कुणी विचारलं, "हुंकारअण्णांनी गोष्टी सांगणं का सोडलं हो, गुरुजी?" की मी म्हणायचो, "वय झालं, घसा बसला." अण्णांचा घसा शेवटपर्यंत शाबूत होता. आता मीच अठ्ठ्याहत्तरीला आलो, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

ऐकणाऱ्याने "हं" म्हटल्याशिवाय अण्णांचं पुढचं वाक्य निघत नसे. त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. गोष्ट ऐकताना एकाने हुंकार द्यायचा ही रीत आपल्याकडे जुनीच. पण अण्णा ती कायद्यासारखी पाळत. "राजा निघाला," म्हणत आणि गप्प. कुणी हं म्हणेना, तर राजा तिथेच उभा. एकदा आमच्या शाळेत मुलं लाजून गप्प बसली, तर अण्णा काठी घेऊन उठलेच. "पोरांनो, म्या काय भिताडाला सांगू व्हय?"

आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हापासून तर ते हुंकारावरूनच माणूस ओळखत. पेंगणाऱ्याचा हं, दुसरीकडे ध्यान असलेल्याचा हं, सगळे त्यांना वेगळे कळत. "तुमचा हं उशाला टेकलाय, घरी जावा," असं भर बैठकीत खुशाल सुनावत. त्यांची बायको सावित्राबाई रानात मेंढरांच्या तळावर पडल्या पडल्या हुंकार द्यायची. ती गेल्यावर बरीच वर्षं त्यांनी गोष्ट सांगितली नव्हती. पुढे तिची जागा माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमचा हं आमच्या म्हातारीवानी हाय. लई जपून येतो," असं एकदा म्हणाले. मी हसलो होतो.

निवृत्तीनंतर मला मोबाईलवर पुस्तकं आणि पॉडकास्ट ऐकायचा नाद लागला. वाटलं, अण्णांच्या गोष्टीही लोकांनी ऐकाव्यात. वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असे. तिथे माईक ठेवला. माईकसमोर अण्णा घोंगडीवर, मी टेबलापलीकडे.

पहिल्याच गोष्टीत दोन मेंढके भर दुपारी येडशीच्या रानातून निघालेले. पुढचा गोष्ट सांगतोय, मागचा हं म्हणतोय. ओढ्यापाशी पुढच्याला दिसतं, पाण्यात कुणीतरी पालथं पडलंय. घोंगडी ओळखीची. त्याचाच जोडीदार, सकाळपासून मेलेला. "आन् तवा मागनं..." एवढं म्हणून अण्णा थांबले. बाहेरून कुर्डुवाडीची एसटी गेली. पंखा किरकिरत होता. मी हुंकार द्यायचाच विसरलो. दिला तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला.

अशा सात-आठ गोष्टी झाल्या. मी त्या पॉडकास्ट म्हणून मोबाईलवरून लोकांसाठी चढवल्या आणि तक्रारी आल्या. "आजोबा फार थांबतात." "मध्येच हं हं कोण करतंय?" मी संगणकापुढे बसलो आणि सगळे थांबे कापले, सगळे हुंकार कापले. अर्ध्या तासाची गोष्ट अठरा मिनिटांत बसली. ऐकणारे वाढले. फक्त सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं, "गोष्ट तीच आहे, पण आता मागे वळून बघावंसं वाटत नाही." मी ते वाचलं आणि सोडून दिलं. अण्णांना काही विचारलं नव्हतं.

एक दिवस सुनेचा हात धरून ते घरी आले. "लावा बरं, काय म्हनतंय तुमचं यंत्र." मी लावलं. स्वतःच्याच आवाजाला हं द्यायला अण्णा तोंड उघडत, तोवर आवाज पुढे पळालेला असे.

"ह्यो कोन बोलतोय?"

"तुम्हीच की, अण्णा."

"ह्याच्याम्होरं कुनीच न्हाय, गुरुजी. तुमचा हं कुठं गेला?"

कापला, असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "तो यंत्रात आलाच नाही."

अण्णा बोटं मोजू लागले. "माझा आवाज आला. पंख्याचा आला. हं तेवढा न्हाय आला?"

"नाही."

"म्हंजी तुमी म्हनतच नव्हता." मग सुनेकडे तोंड करून, हळूच, "ती व्हती गं. म्या म्हनलं व्हतं न्हवं, ह्यो हं म्हातारीचा हाय."

"काहीतरीच तुमचं," म्हणून मी हसलो. तेवढ्यावरच सोडलं.

मेलेल्याला गोष्ट सांगत बसलं तर त्याचा पाय निघत नाही, असं अण्णा मानत. दुसऱ्या दिवशी बोलवायला गेलो, तर दारातच म्हणाले, "म्या सांगत ऱ्हायलो, ती अडकून ऱ्हायली. आता जाऊ द्या तिला." त्यानंतर एकही गोष्ट नाही. सुनेने चुलीपाशी हं म्हटलं तरी दचकून विचारत, "कोन?" साधं बोलणंसुद्धा एका दमात बोलू लागले, कुणाला हं म्हणायला फटच राहू नये असं. अगदी माझ्या कापलेल्या गोष्टींसारखं.

मूळ ध्वनिमुद्रण माझ्या मोबाईलमध्ये होतं, हुंकारांसकट. ऐकवायला पाच मिनिटं लागली असती. अण्णांनी अंथरूण धरलं तेव्हा मोबाईल खिशात घालून गेलो. सून म्हणाली, "बोला गुरुजी, मामांना ऐकू येतंय." मी सुरुवात केली, "अण्णा, त्या यंत्राचं एक सांगायचं होतं..." आणि सवयीने थांबलो. हं आला नाही. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं, ओठ मिटून घेतले. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. "बरंय, येतो," म्हणून उठलो. आठवड्याने ते गेले.

आता दुपारी मी ते मूळ ध्वनिमुद्रण एकटाच ऐकतो. "आन् तवा मागनं..." अण्णा थांबतात. एसटी जाते. मग हं येतो. मी टेबलापलीकडे होतो, माईकपासून लांब. हा हं मात्र अगदी जवळून येतो, पडल्या पडल्या दिल्यासारखा. मी तो पुन्हा पुन्हा लावून बघतो. माझाच आहे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी सांगायचं होतं ते एवढंच. अण्णा, हं म्हणणारा मीच होतो. मी तो कापला आणि तुमच्याशी खोटं बोललो. सावित्राबाई कुठंही अडकल्या नव्हत्या. माझं चुकलं.