पंजाबरावांनी लाइन डायरेक्ट केली

वैशाली नगरात कोणाच्या घरी बटणातून ठिणगी उडाली, की माणूस आधी पंजाबराव ढोमण्यांच्या फाटकाशी यायचा आणि मग मिस्त्रीला फोन करायचा. पंजाबराव मूळचे काटोलकडचे. भिलाईच्या स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिक रिपेअर शॉपमध्ये पस्तीस वर्षं काढून फोरमन म्हणून रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर माणसं भजनात जातात, पेपर वाचतात, सुनांच्या चुका काढतात. यांनी गल्लीचे प्रश्न घेतले.

"काकाजी, फ्रिज सुरू झाला की ट्यूबलाइट कावून मंदावते जी?" "गिझर छोट्या सॉकेटवर चालते का?" "थ्री-पिनची मोठी पिन मोडून टाकली तर चालन ना?" हा शेवटचा प्रश्न आला की पंजाबरावांचं डोकं सणकायचं. "चालन ना! मस्त चालन. पहिले एक चांगला फोटो काढून ठेव, हार घालाले कामी येईन!" असं तोंडभर बोलायचे, आणि दहा मिनिटांनी शर्टाच्या खिशात टेस्टर अडकवून त्याच माणसाच्या दारात उभे. पिन बदलून द्यायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. तोंड कडू, हात सोन्यासारखा, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या, आणि खरंच होतं ते.

प्लांटचं क्वार्टर सोडून हे घर घेतलं तेव्हा त्यांनी राहायला जाण्याआधी जुनी वायरिंग सगळी उपसून काढली. नवी तांब्याची वायर, खोलीगणिक वेगळी लाइन, मागच्या आंगणात कोळसा-मीठ भरून अर्थिंगचा खड्डा. बैठकीतल्या बोर्डावर रांगेनं एमसीबी आणि त्यांच्या डोक्यावर एक ईएलसीबी. घरी पाहुणा आला की रत्नमालाबाई पाणी द्यायच्या आणि पंजाबराव त्याला बोर्डासमोर उभं करायचे. "एमसीबी वायर वाचवते, ईएलसीबी माणूस वाचवते. थोडाही करंट माणसाच्या आंगातून जमिनीत चालला, की हे पडते. डोळ्याची पापणी लवाच्या आत." मग त्यावरचं टी लिहिलेलं बारकं बटण दाबायचे. खट्! घर बंद. पाहुणा दचकायचा आणि यांना कोण आनंद व्हायचा.

असा हा माणूस. याच्याच हातून तसं व्हावं, याला काय म्हणावं!

भाद्रपदात ढोमण्यांकडे तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. नागपूरकडच्या घरांत असतातच त्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पण या घरात सासूबाईंनी घालून दिलेला एक कडक नेम होता, की महालक्ष्म्या बसल्यापासून उठेपर्यंत त्यांच्यापुढचा उजेड जाता कामा नये. सासूबाईंच्या काळी समई होती. रत्नमालाबाईंच्या काळात समईसोबत लाइटच्या झालरी आल्या, आणि नेम झालरींनाही लागू झाला. क्वार्टरमध्ये आणि नंतर या घरातही कधी अडचण आली नाही.

त्या वर्षी पहिल्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू झाली आणि खट्. सगळं घर काळं. पंजाबरावांनी ईएलसीबी उचलली. आरतीचं दुसरं कडवं होतं न होतं तो पुन्हा खट्. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ताम्हण हातात धरून उभ्या असलेल्या कांताताई, म्हणजे पंजाबरावांची नागपूरहून आलेली बहीण, हळूच म्हणाल्या, "रत्नमाला, हे काही बरं लक्षण नाही हो."

झालं! रत्नमालाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अवो, काही करा ना जी. साऱ्या वैशाली नगरातले लाइट पाह्यता अन् आपल्या घरी महालक्ष्मीपुढं अंधार?"

हे वाक्य पंजाबरावांना लागलं. चाळीस डोळे त्यांच्याकडे बघत होते.

आता काय करायला हवं होतं, हे त्यांच्याइतकं भिलाईत कोणाला ठाऊक होतं? एकेक लाइन बंद करायची, कोणत्या लाइनवर ईएलसीबी पडते ते पाहायचं, ती सोडून बाकीचं घर चालू ठेवायचं. तासभराचं काम. पण तासभर लाइट येणार-जाणार, आरती अडून राहणार, आणि कांताताई लक्षणं मोजणार. शिवाय पंजाबरावांना वाटलं, आपल्याला कळलंच आहे. यंदाच्या झालरी नव्या होत्या, बाजारातल्या, केसासारख्या बारीक वायरीच्या. त्यात पावसाळी ओल. करंट तिथंच गळत असणार. झालरी छताला, तिथं कोणाचा हात जातो? विसर्जन झालं की पाहू.

त्यांनी मेन बंद केला. ईएलसीबीतल्या वायरी काढल्या, कनेक्टर लावून जोडीजोडीनं एकमेकींना जोडल्या, झाकण लावलं. लाइन डायरेक्ट झाली, ईएलसीबी मधून बाद. पाच मिनिटंही लागली नाहीत. शॉपमध्ये एखाद्या पोरानं हे केलं असतं तर पंजाबरावांनी त्याला गेटपर्यंत हाकललं असतं. इथं मात्र मेन चालू केला, झालरी लखलखल्या, आणि सगळ्यांनी "उदो उदो" केलं. रत्नमालाबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. खोटं कशाला बोलावं, पंजाबरावांची छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीचं जेवण. पुरण, आंबील, सोळा भाज्या, चाळीसेक पानं. एवढी भांडी म्हणजे फुलेश्वरीशिवाय कोणाच्या बापाला झेपली नसती. फुलेश्वरी जवळच्या कोहक्याची, छत्तीसगढी, नऊ वर्षं या घरात धुणंभांडं करणारी. रत्नमालाबाईंना दाई, म्हणजे आई म्हणायची, पंजाबरावांना बाबूजी. तिनं आधी आपल्या घरच्यांसाठी पोळ्या बांधून घेतल्या, मग पदर खोचून मागच्या आंगणात बसली. दुपारचे साडेतीन झाले असतील. टाकीशेजारी पाण्याची मोटर चालू होती. परात विसळून झाली आणि उठताना आधाराला तिनं मोटरच्या पाइपाला हात घातला.

आवाज कोणाला आला नाही. कांताताई ताटं ठेवायला मागे गेल्या आणि त्यांची किंकाळी ऐकू आली.

पंजाबराव धावले ते आधी बोर्डाकडे. मेन पाडला. आतल्या खोलीत महालक्ष्म्या अंधारात गेल्या, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग ते ओल्या फरशीवर गुडघे टेकून फुलेश्वरीच्या छातीवर दाब देत राहिले, प्लांटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं, मोजून. गाडी येईपर्यंत थांबले नाहीत. कोणी "काकाजी, सोडा आता" म्हणालं तर त्याच्यावर ओरडले. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन मिनिटांत मान हलवली.

मोटरच्या डब्यात पाणी शिरलं होतं. आतल्या वायरीचं कव्हर गळून ती बॉडीला टेकली होती, आणि अर्थिंगची वायर क्लॅम्पपाशी गंजून तुटलेली होती. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी टाकी भरायला मोटर लावली होती, तेव्हा तोच करंट ओल्या फरशीतून गळत होता, म्हणून लाइट जात होती. झालरींत काहीएक दोष नव्हता.

हवालदार आला तेव्हा त्याला बोर्डातलं काय कळणार? त्यानं कळणाऱ्या माणसालाच विचारलं. "आप तो प्लांट के आदमी हैं साहब, आप ही बताइए, हुआ क्या?"

पंजाबरावांनी तोंड उघडायच्या आत रत्नमालाबाई म्हणाल्या, "मोटर पुरानी थी भैया."

"मोटर की बॉडी में करंट उतर गया था," पंजाबराव म्हणाले. हवालदारानं लिहून घेतलं, यांनी सही केली. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. बोर्डाचं झाकण कोणी उघडलं नाही. पंजाबराव बोर्डाला पाठ लावूनच उभे होते.

पाहुणे गेले तेव्हा रत्नमालाबाई पलंगाच्या काठावर बसून म्हणाल्या, "फुलेश्वरी मले बोलली होती जी. सोमवारी. दाई, मोटरजवळ हाताले झिणझिण्या येतात म्हणे. मी म्हटलं, सांगते बाबूजीले. अन् पुरणाच्या घाईत..." पंजाबरावांना वाटलं, हिच्यावर ओरडावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण कोणत्या तोंडानं ओरडणार? फुलेश्वरीनं कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. न सांगताच जीव वाचावा म्हणून तर ते यंत्र होतं.

"कोणाले सांगू नका," रत्नमालाबाई रडत म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या. आपण दोघंच घरी. लोकं दारात येतीन. पोराले काय तोंड दाखवाचं?"

सकाळी पंजाबरावांनी बोर्ड उघडला, वायरी होत्या तशा ईएलसीबीत जोडल्या आणि टी बटण दाबलं. खट्. पडली. पुन्हा उचलली, पुन्हा दाबलं, पुन्हा पडली. एकदम ठणठणीत. ते खालीच बसले.

गल्लीतले लोक हळहळून जात होते. "काकाजी, तुमी किती दाबलं हो छातीवर, सख्खा भाऊ असा करत नाही." पुण्याहून मुलाचा, धनंजयचा फोन आला. "बाबा, अ‍ॅक्सिडेंट था वो. तुम्ही कावून मनाले लावून घेऊन राहिले?" जो तो त्यांना शाबासकी देऊन मोकळा. शिवी द्यायला एकही माणूस पुढे येईना! पंजाबरावांचं जेवण तुटलं. फाटकाशी कोणी वायरिंगचं विचारायला आलं की आतूनच सांगायला लावायचे, घरी नाहीत म्हणून. नऊ दिवस असे काढले आणि दहाव्या दिवशी, फुलेश्वरीच्या दशगात्राला, ते रत्नमालाबाईंना न सांगता स्कूटर काढून कोहक्याला निघाले. सांगून टाकायचं. मारो, झोडो, पोलिसात नेवो, पण सांगून टाकायचं.

मनहरण, फुलेश्वरीचा नवरा, डोक्याचे केस काढून दारातच बसला होता. बाबूजी स्वतः आले म्हटल्यावर त्याची धांदल उडाली. शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणवली, अंगातल्या बनियनवर टॉवेल घेतला. पंजाबराव खुर्चीवर बसेनात. जमिनीवर बसू लागले तर दोघांनी धरून उचललं.

"मनहरण, मेरी गलती है," पंजाबराव म्हणाले. रस्ताभर घोकलेलं होतं. "सुन, मेरी वजह से गई वो."

"एमा तुंहर का दोस, बाबूजी," मनहरण म्हणाला. यात तुमचा काय दोष! "मोटर जुन्ना रहिस." आणि आजूबाजूच्यांना सांगू लागला की बाबूजींनी किती मेहनत केली, दवाखान्यात कसे शेवटपर्यंत उभे राहिले, कोणता मालक असा येतो. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि तो वाकून पंजाबरावांच्या पायांना लागला. पंजाबरावांनी पाय मागे घेतले. नाही रे बाबा, ऐक तर खरं, असं म्हणायला गेले, पण मनहरणला धरून उठवण्यातच ते राहून गेलं.

एवढ्यात आतून मुलगी पाणी घेऊन आली. निशा, फुलेश्वरीची थोरली. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला होती. तिथं जा म्हणून पंजाबरावांनीच सांगितलं होतं. आईसोबत घरी यायची तेव्हा बोर्डासमोर उभी राहून शंभर गोष्टी विचारायची, आणि पंजाबराव न चिडता उत्तरं द्यायचे.

तिनं ग्लास त्यांच्या हातात दिला. डोळे सुजलेले होते. तिथंच उभी राहिली, जरा घुटमळली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "बाबूजी, एक बात पूछूँ? घर में ईएलसीबी तो लगी थी ना?"

"हाँ."

"फिर वो गिरी क्यों नहीं?"

पंजाबरावांनी मान वर केली. हेच तर ऐकायला ते आले होते. साऱ्या भिलाईत एका माणसानं बरोबर तेच विचारलं होतं, आणि तिला विचारायचा हक्कही होता. आता फक्त एक वाक्य. मैंने निकाल दी थी, बेटा. पाच शब्दांचं. ते जिभेवर होतं. निशा त्यांच्याकडे बघत होती, पूर्ण विश्वासानं, शाळेतल्या पोरीसारखी.

"खराब हो गई थी, बेटा," पंजाबराव म्हणाले.

निशानं मान डोलावली. "हाँ, हो जाती है. सर ने बताया था, कभी-कभी अंदर से जाम हो जाती है." तिनं रिकामा ग्लास घ्यायला हात पुढे केला, आणि ग्लास अजून भरलेलाच पाहून म्हणाली, "पानी पीजिए ना, बाबूजी."

पंजाबराव पाणी प्यायले.