पागेवाडीचा एकमेव बारगीर

पागेवाडीत कुणालाही विचारा, तो शिलेदाराच्याच वंशातला निघतो. चहावाला शिलेदार, गिरणीवाला शिलेदार, ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा शिलेदार. एवढे सगळे शिलेदार असताना त्या काळी घोड्यांची लीद कोण काढत होतं, हा प्रश्न तीस वर्षं नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवूनही मला सुटला नव्हता. उत्तर गावात घोडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आबांनी दिलं, पहिल्याच भेटीत आणि न विचारता. "आमी काढत हुतो," ते म्हणाले. "शिलेदार सोताचं घोडं घिऊन यायचा. आमी बारगीर. घोडं सरकारचं, बूड तेवढं आमचं."

तेव्हापासून मी त्यांना बारगीर आबाच म्हणू लागलो. गावाला काही हे रुचलं नाही. गावाची अब्रू घालवणारा एक म्हातारा आणि त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा एक मास्तर, अशी आमची ख्याती झाली.

पागेवाडी नगरहून पारनेरच्या बाजूला, अर्ध्या तासावर. एके काळी तिथे फौजेची घोडी बांधलेली असत. आता कांदा, ज्वारी, आणि चार घरांआड एखादं वरातीला जाणारं घोडं. कांद्याची आडत सांभाळता सांभाळता बापूशेठना आपल्या गावाला इतिहास असल्याचा शोध लागला आणि त्यांनी शेतातच पर्यटन केंद्र काढलं. पिठलं-भाकरी, घोड्यावरून एक फेरी आणि पोट फुटेस्तोवर इतिहास. रविवारी पुण्याच्या गाड्या रांगेनं उभ्या. आबा तिथली घोडी सांभाळत. त्यातली हरणी नावाची घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली, पण मालकी बापूशेठची. म्हणजे आबा अजूनही बारगीरच होते.

त्यांचा एक नियम होता. पाहुणा कितीही मोठा असो, आला की आधी त्याच्या हातात पाण्याची बादली द्यायची. "आधी तिला. तिनं तोंड लावल्याबिगर तुमी लावायचं न्हाई." मी पाहुणे घेऊन जायचो तेव्हा मलाही यातून सूट नव्हती. एकदा पांढऱ्या बुटातले एक साहेब म्हणाले, "बाबा, आम्ही पैसे भरलेत." आबा शांतपणे म्हणाले, "तिला ठावं न्हाई ना ते." साहेबांनी मुकाट्यानं बादली उचलली, अर्धी बुटावर सांडली, आणि जाताना हाच अनुभव सगळ्यात अस्सल वाटला असं अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले. पुढच्या रविवारी बापूशेठनी 'शाही जलपान विधी' अशी पाटी लावली आणि त्याचं वेगळं तिकीट काढलं. आबांनी पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि कपाळाला हात लावला.

मग आला दसरा. त्या दिवशी पागेवाडीत घोडी धुऊन, हार घालून पूजतात, तेवढंच. बापूशेठना तेवढ्यावर भागेना. त्यांना पाहुण्यांसमोर घोडदळाचा हल्ला हवा होता. बारा घोडी गोळा केली, स्वारांना लाकडी तलवारी दिल्या, आणि वीरश्री यावी म्हणून गावातला बँड बोलावला. आता गावातला बँड म्हणजे लग्नाचाच. ढोलावर पहिली काठी पडली मात्र, अकरा घोडी जागच्या जागी पाय उचलून नाचायला लागली. त्यांना जन्मभर तेच तर शिकवलेलं. स्वार टाचा मारताहेत, बापूशेठ माईकवरून "हल्ला, हल्ला" ओरडताहेत, आणि फौज काही मांडवाबाहेर निघायला तयार नाही. हरणीला आबांनी कधी वरातीला जाऊ दिलं नव्हतं. ती एकटी आबांना घेऊन रानाच्या टोकापर्यंत दौडत गेली आणि तिथे उभी राहून मागे बघू लागली.

परत आल्यावर पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "आजोबा, हे युद्धनृत्य होतं का?" आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "न्हाई बाई, वरातीची घोडी हायेत ती. लढाई न्हाई जमायची, पर नवरी बिनचूक आनतील." पाहुणे पोट धरून हसले. बापूशेठ नाही हसले.

दुसऱ्या दिवशी आबांचा मला फोन आला. त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता. "सर, शेठ हरणीला इकतो म्हनतोय. म्हातारी झाली, बाजार दाखवतो म्हनतोय. न्हाईतर म्हनला, पागोटं घाला आन् सांगा, आमी शिलेदार, ही घोडी राजाच्या पागंतल्या वंशाची." मला भयंकर राग आला. मी सत्य, इतिहास आणि स्वाभिमान यांवर दहा मिनिटं बोललो. आज आठवलं की लाज वाटते. माझं संपेपर्यंत आबा थांबले आणि म्हणाले, "तुमाला बोलाया काय जातंय, सर? तुमची न्हाई ना ती."

रविवारी मी गेलो. लाल पागोटं घालून आबा हरणीशेजारी उभे होते. पन्नास माणसांसमोर त्यांनी सगळं सांगितलं: शिलेदाराचं घराणं, राजाची पागा, सात पिढ्यांचा वंश. आवाज जरा कापत होता. लोकांना तो अभिमान वाटला. गर्दीतल्या एकानं मला ओळखलं. "सर, तुम्ही इतिहासाचे ना? खरं आहे का हे?" आबा माझ्याकडे बघत नव्हते. हरणीच्या आयाळीत बोटं घालून ते खाली बघत होते. एका चुकीच्या सनासाठी मी मुलांचे गुण कापलेले आहेत. मी म्हणालो, "हो. अगदी खरं."

गर्दी पांगल्यावर आबांनी पागोटं काढलं. "लई जड हाय, सर," एवढंच बोलले.

मागच्या पावसाळ्यात आबा गेले. बापूशेठनी हरणीच्या ठाणावर त्यांचा पागोट्यातला फोटो लावायचं ठरवलं आणि मजकूर तपासायला मला बोलावलं. 'पागेवाडीचा शेवटचा शिलेदार, आणि राजवंशातली त्याची घोडी.' मी खिशातून लाल पेन काढलं. फोटोखाली हरणी उभी होती. 'शिलेदार' आणि 'राजवंशातली' हे दोन शब्द मी खोडले असते, तर ती एक साधी म्हातारी घोडी उरली असती, आणि म्हाताऱ्या घोड्यांना बापूशेठ बाजार दाखवतात.

"ठीक आहे ना सर?" बापूशेठनी विचारलं, आणि चहाचा कप पुढे केला.

"ठीक आहे," मी म्हणालो. पेन खिशात ठेवलं, कप कठड्यावर ठेवला आणि बादली शोधायला गेलो. आधी तिला.