पाहुण्याची राकिया

संपात गिरणी सुटली आणि बाबा दारूला लागले. आईने जिवाचं रान करून ती सोडवली. पुढे बोटीवर नोकरीला असलेला माझा भाऊ एकदा मॅसेडोनियाच्या सोबत्याला आमच्या लालबागच्या खोलीत जेवायला घेऊन आला. पाहुण्याने भाजलेल्या लाल मिरच्यांची, आयवार नावाची चटणी आणली होती, आणि राकियाची बाटलीही.

"द्राक्षाची दारू. त्यांच्यात जेवणाआधी देतात," भाऊ चाचरत म्हणाला.

पाहुण्याने पेला भरून बाबांपुढे धरला. आईचा हात तव्यावरच थांबला. बाबांनी पेला घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"त्याका सांग, माझ्या वाटची पिऊन झाली."

मग त्यांनी भाकरी मोडून चटणीला लावली. पाहुण्यानेही बाटलीला बूच लावलं.